मरीन टाकीतली कोरल तपकिरी पडलीत, रंग परत कसा आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घरी ३०० लिटरची मरीन (खाऱ्या पाण्याची) टाकी आहे, आठ महिने झाले. झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही मऊ कोरल (प्रवाळं) आणली तेव्हा हिरवी, नारिंगी, जांभळी होती, आता सगळी चहाच्या रंगाची झालीत. दुकानदार ‘कलर बूस्टर’ची बाटली घ्या म्हणतोय. घ्यावी का?

नका घेऊ. आधी हे तपकिरी येतंय कुठून ते बघा.

कोरलच्या मांसात झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं. उजेडावर ते साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी कोरलला मिळते. या शेवाळाचा रंगच मुळात तपकिरी-सोनेरी. हिरवा, नारिंगी, जांभळा हे रंग कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांचे. पाण्यात खत (नायट्रेट, फॉस्फेट) जास्त झालं किंवा उजेड कमी पडला की शेवाळ दाट होतं आणि खालचा रंग दिसेनासा होतो. रात्री पांढरे दिवे बंद करून फक्त निळा चॅनेल ठेवा आणि अगदी काचेला नाक लावून बघा. झोअँथिडच्या तोंडाभोवतीचं कडं किंवा मशरूमवरचे ठिपके अजून चमकत असतील तर प्रथिनं शाबूत आहेत, नुसता वर थर चढलाय.

पांढरं पडणं हा याच्या अगदी उलटा प्रकार. जास्त उष्णता किंवा एकदम वाढवलेला उजेड यामुळे कोरल शेवाळ बाहेर टाकतं. आणि उपासमार झालेलं कोरल फिकं, दुधाळ दिसतं. या दोन्हींत तपकिरीवरचा उपाय केलात तर कोरल हातचं जाईल, म्हणून आधी टेस्ट किट काढा.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असावं. आठ महिन्यांच्या, मासे भरपूर असलेल्या टाकीत नायट्रेट ४० च्या वर निघालं तर मला नवल वाटणार नाही. हे येतं खाण्यातून. फ्रोझन खाण्याची वडी थेट टाकीत टाकत असाल तर ते आजपासून बंद. वाटीत आरओ पाण्यात विरघळवा, चहाच्या गाळणीत ओता, वरून पाणी सोडा आणि गाळणीत उरेल तेवढंच टाकीत घाला. माशांनी दोन मिनिटांत संपवलं नाही ते जास्त झालं. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) किंवा स्पंज दर तीन दिवसांनी धुवा. आठवड्याने धुतलात तर तोवर त्यातली घाण तिथेच सडून परत पाण्यात जाते. दगडांच्या मागचा गाळ मोठ्या सिरिंजने फुंकून उडवा आणि तो तरंगत असतानाच पाणी काढा.

पाणी बदलण्याचा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. १०% पाणी बदललं की नायट्रेटही १०% च उतरतं: ४० चं ३६. दर आठवड्याला २०% बदललंत तर सहा आठवड्यांनी ४० चं साधारण १० होतं, तेही मधल्या काळात नवीन काही तयार झालं नाही असं धरून. दगड-वाळू वगळता तुमच्या टाकीत खरं पाणी २५० लिटरच्या आसपास असेल, म्हणजे एका वेळी ५० लिटर. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम धरलं तर पावणेदोन-दोन किलो मरीन सॉल्ट. आदल्या रात्री कालवून पंप लावून ठेवा, क्षारता (खारेपणा) आणि तापमान टाकीशी जुळवा, मगच घाला.

फॉस्फेट जरा चिवट. ते दगडांत मुरतं आणि पाण्यातलं कमी झालं की दगड परत सोडायला लागतात, म्हणून आज ०.०५ आणि चार दिवसांनी पुन्हा ०.१५ असं दिसतं. किट बिघडलेलं नसतं. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) वापरायचं तर डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. फॉस्फेट एका झटक्यात खाली आलं की कोरल आक्रसतं. आणि दोन्ही शून्यावर आणायचा हट्ट तर नकोच. नायट्रेट-फॉस्फेट शून्य झालेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट माजतात: वाळूवर, दगडांवर शेंबडासारखे तपकिरी धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. ते घालवण्यापेक्षा ४० चं नायट्रेट उतरवणं कितीतरी सोपं.

आता उजेड. झोअँथिड मान लांब करून वर ताणलेत का बघा. गुच्छातली तोंडं खडकाला चिकटून असण्याऐवजी देठावर उभी असतील तर उजेड कमी पडतोय. पीएआर मीटर (शेवाळाच्या उपयोगाचा उजेड मोजणारा) कुणाकडून दोन दिवसांसाठी मिळाला तर उत्तम. मशरूमना ५० ते १००, झोअँथिडना ८० ते १५०, लेदरलाही साधारण तेवढंच पुरतं. मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपच्या नादी लागू नका, निळ्या दिव्याखाली त्याचा आकडा फसवा असतो. नुसते पांढरे एलईडी लावले असतील तर रंग दिसणारच नाही, कारण चमकणारी प्रथिनं ४०० ते ४६० नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या उजेडात उठून दिसतात. पण दिवा बदललात किंवा वाढवायचा ठरवलंत तर आधीच्या उजेडापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्या. दिवसाला आठ ते दहा तास पुरे. पाणी स्वच्छ करणं आणि दिवा वाढवणं एकाच आठवड्यात करू नका. साचलेला गढूळपणा आणि पिवळेपणा निघाला की त्याच दिव्याचा उजेड आत जास्त पोचतो, त्यात दिवाही वाढवला तर कोरल भाजतं. लेदर असलेल्या टाकीत ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन तसाही हवाच, कारण लेदर शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतं. कार्बन महिन्याला बदला.

लेदर आठवडाभर मिटून राहिलं आणि वर मेणचट पापुद्रा दिसला तर घाबरू नका, ते कात टाकतंय. वेव्हमेकरचा (पाणी खेळवणाऱ्या पंपाचा) झोत जरा त्याच्याकडे वळवा, म्हणजे पापुद्रा निघून जाईल.

पाण्याचा स्रोत कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं असेल तर तिथेच गोम असू शकते. पिण्याच्या आरओत बहुतेकदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, चवीसाठी तो न गाळलेलं पाणी थोडं परत मिसळतो. टीडीएस मीटर ६० ते १०० दाखवतो. माणसाला चांगलं, टाकीला नाही. त्या पाण्याबरोबर नायट्रेट, सिलिकेट आणि पितळी जोडांतून आलेलं तांबं असं काहीही येऊ शकतं, आणि तांबं कोरलला विष. मेंब्रेनमधून थेट निघणारी नळी वेगळी काढा, पुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा कार्ट्रिज लावा, मीटरवर शून्य आलं पाहिजे. बाष्पीभवनाने घटलेलं पाणीही याच गोड्या पाण्याने भरायचं, खाऱ्या नाही. मीठ उडून जात नाही.

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर शून्य करून ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही. घरचं प्रमाणित द्रावण सोपं आहे: ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात. या द्रावणावर काटा ३५ ला यायला हवा, नसेल तर स्क्रूने आणा.

केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, अंशांत) ८ ते ९ ठेवा. नुसत्या मऊ कोरलच्या टाकीत ते फार खर्च होत नाही, पाणी बदलून भागतं. कमी निघालं तर १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा साधारण एक अंश केएच वाढवतो. आरओ पाण्यात विरघळवून, जोरात वाहत्या पाण्यात, आणि दिवसाला एक अंशाहून जास्त नाही. खायचा सोडा म्हणजे खायचाच सोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. दुबई-न्यू जर्सीकडे दगडी (कठीण सांगाड्याची) कोरल ठेवणारे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: केएच दररोज अर्धा-पाऊण अंश खाली-वर होत असेल तर ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या दगडी कोरलची टोकं जळतात, रंगाचं पुढचं बोलायलाच नको. तिथे डोसिंग पंप (ठरलेली मात्रा आपोआप सोडणारा) घ्या आणि दर एक अंश केएचमागे कॅल्शियमही साधारण ७ पीपीएम खर्च होतं हे धरून दोन्ही एकत्र भरा.

पुण्याचा एप्रिल-मे सांभाळा. २५ ते २६.५ अंश योग्य. पाणी २९-३० वर दिवसचे दिवस राहिलं तर आज तपकिरी दिसणारी कोरल पांढरी होतील. पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतं, पण रोज चार-पाच लिटर गोडं पाणी भरावं लागतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पंखा नावापुरता, तिथे चिलरच लागतो. वीज गेली तर निदान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालू राहील असं बघा. उजेडाविना एक दिवस चालतं, हवेविना नाही.

हे सगळं सुरळीत झालं तर झोअँथिडचा रंग सहा ते दहा आठवड्यांत उघडायला लागेल. नवीन येणाऱ्या तोंडांवर तो आधी दिसतो, जुन्यांवर उशिरा. फोटो काढायचा तर दर रविवारी त्याच वेळी, त्याच दिव्याखाली काढा, नाहीतर आपलेच डोळे आपल्याला फसवतात.

झोअँथिडना हात लावण्याआधी मात्र हे वाचा. त्यांच्यातल्या काहींत, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. कापताना, घासताना हातमोजे आणि चष्मा हवाच. ते असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. वाफेतून विष फुप्फुसात जाऊन अख्खी घरं दवाखान्यात पोचल्याची प्रकरणं परदेशांत नोंदली गेली आहेत. हातावर जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका.

आणि रंग आला की पुढे दगडी कोरल घ्यायचा मोह होईल. आपल्याकडे २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून उचललेला तुकडाही त्यातच येतो. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी कागद मागा. मऊ कोरललासुद्धा बिल घ्या.

टेस्टचे आकडे आणि दिव्याचं मॉडेल प्रश्नात वाढवलंत तर उजेडाचं वेळापत्रक नेमकं सांगता येईल.