घरी पॉपकॉर्न करायच्या कोणकोणत्या पद्धती आहेत? माझे अर्धे दाणे फुटतच नाहीत, कुकरमध्ये केले तर चालेल का?

भांडं बदलून काही होणार नाही, दाणे बघा. हे मी चारचौघांत अपमान गिळून शिकले आहे.

आमचं घर इंदूरला, रामबागेत. एकत्र कुटुंब. भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री गच्चीवर 22 माणसं, त्यात होणारे व्याही. पॉपकॉर्न माझ्याकडे. जाड बुडाचं भगोनं, दोन मोठे चमचे तेल, आधी तीन दाणे टाकून बघितले, सगळं रीतसर. वाटीभर दाण्यांतले पसाभर फुटले, बाकी खाली नुसते गणंग. जाऊबाई व्याह्यांसमोर हसत म्हणाल्या, "गणंगाच्या हाताला गणंगच लागायचे!"

आता खरं कारण ऐका. एप्रिलमध्ये वर्षाचे गहू गच्चीवर वाळत घातले, तेव्हा याच जाऊबाईंनी कीड लागू नये म्हणून मक्यालाही तीन दिवस ऊन दिलं होतं. इंदूरचं ऊन! पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण 14 टक्के ओल असते. साल टणक, वाफेला बाहेर पडायला वाट नाही. 180 अंशांच्या आसपास दाब असह्य झाला की साल फाटते आणि आतला पिठूळ भाग फुलून बाहेर येतो. ओलच वाळवून टाकली तर फुटणार काय, कपाळ?

त्याच डब्यातले चार वाट्या दाणे मी बरणीत भरले, एक मोठा चमचा पाणी घातलं, घट्ट झाकण लावलं आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ हलवत राहिले. पाचव्या दिवशी त्याच भगोन्यात लाह्या झाकण उचलून वर आल्या. जाऊबाईंनी मूठभर खाल्ल्या नि म्हणाल्या, "आज गॅस मोठा होता वाटतं."

तर पद्धती. भगोनं सगळ्यात उत्तम. झाकण किंचित कललेलं ठेवा, वाफ कोंडली तर लाह्या चामट होतात. मायक्रोवेव्हमध्ये साध्या खाकी कागदी पिशवीत होतात, पिशवीला पिन नको. दोन फुटण्यांत दोन सेकंदांचं अंतर पडलं की बंद करा. कढईत जाडं मीठ तापवून त्यातही फुटतात, भडभुंज्याच्या वाळूसारखे, पण नंतर चाळत बसा. लोणी सुरुवातीला घालणारे लोक मला कळत नाहीत. ते जळतं, आणि वरून ओतलं तर त्यातल्या पाण्याने लाह्या मऊ पडतात. चमचाभर पातळ तूप फिरवा, वर जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. पोह्यांवर घालतो तोच.

कुकरचं राहिलंच. चालेल, पण शिट्टी आणि रबर काढून, झाकण नुसतं वर ठेवायचं, लावायचं नाही. आणि हो, दाणे पॉपकॉर्नचेच हवेत. भाजून खायच्या साध्या कणसाचे वाळवलेले दाणे असतील तर माझं वरचं सगळं व्यर्थ.

यंदाही गच्चीवर चादर पसरली, की मी आधी मक्याची बरणी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे नेऊन ठेवते.