नवं स्टेडियम, नवे दर आणि जुने फॅन

मागच्या अंकात टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियमच्या सीझन तिकिटांवरून तिथले फॅन का चिडले ते लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देतेय, आधी पत्र आणि खाली माझं उत्तर. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लंडनच्या या फुटबॉल क्लबने 2017 मध्ये व्हाइट हार्ट लेन हे आपलं जुनं मैदान पाडलं, तिथेच साधारण 62 हजार सीटचं नवं बांधलं आणि मार्च 2018 मध्ये सीझन तिकिटांचे, म्हणजे सीझनभर घरच्या मैदानावरच्या मॅच बघायच्या एकाच तिकिटाचे, दर जाहीर केले. मोठ्यांसाठी सगळ्यात स्वस्त 795 पौंड, सगळ्यात महाग 1,995, कॉर्पोरेट सीट वेगळ्याच. तेव्हाच्या हिशोबाने 72 हजार रुपयांपासून ते पावणेदोन लाखांच्या वर.

ताई, मी टॉटनहॅमचा, म्हणजे स्पर्सचा, पुण्यातला फॅन, रात्री अलार्म लावून उठून मॅच बघतो. पण मला क्लबचंच बरोबर वाटतं. एवढं स्टेडियम बांधलं, कर्ज काढलं, ते फेडायचं कुठून? आणि दर एवढे असूनही सीट विकल्या जातात, वर वेटिंग लिस्ट आहे. मग दर जास्त आहेत असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

तुमच्यासारखंच बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. खर्च प्रचंड झाला यात वाद नाही, एकूण काम एक अब्ज पौंडांच्या घरात गेलं. आणि फॅनना स्टेडियम आवडलं नाही असंही अजिबात नाहीये. सप्टेंबर 2018 ला उघडणार होतं ते सुरक्षा यंत्रणेच्या कामात अडकलं, तोवर मॅच वेम्बली स्टेडियमवर होत होत्या, लोकांनी तिथल्या वाऱ्या करत वाट बघितली, आणि 3 एप्रिल 2019 ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध स्पर्सच्या सॉनने तिथला पहिला लीग गोल केला तेव्हा मोठी माणसं रडत होती. राग आहे तो दरांचा.

आता पैशांचं बघा. 2022-23 मध्ये क्लबचं एकूण उत्पन्न जवळपास 55 कोटी पौंड होतं, त्यात मॅचच्या दिवशीची कमाई 11 कोटी 76 लाख, म्हणजे पाचातला एक भाग. बाकी सगळं टीव्ही आणि स्पॉन्सर वगैरे. आणि त्या पाचव्या भागात पण साध्या सीझन तिकिटवाल्यांचा वाटा किती, कारण त्यात खेळाडू मैदानात येतात त्या काचेच्या बोगद्याशेजारी बसून जेवणाऱ्यांचे पैसे आहेत, बारचे आहेत. शिवाय या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलच्या मॅच होतात, मोठमोठे कॉन्सर्ट होतात, त्यासाठी गवताचं मैदान सरकवून खालून दुसरं काढायची सोय केलीय. ती मुद्दाम कमाईसाठीच केली ना. मार्च 2024 मध्ये क्लबने पुढच्या सीझनसाठी 6 टक्के वाढ लावली, स्वस्तातलं तिकीट 856 पौंडांवर गेलं. समजा मॅच डेच्या सगळ्याच्या सगळ्या कमाईवर 6 टक्के धरले तरी होतात साधारण 70 लाख पौंड. 55 कोटींपुढे सव्वा टक्का. खरी रक्कम त्याहून कमीच. एवढ्यासाठी तीस-चाळीस वर्षं येणाऱ्या माणसाच्या घरखर्चाला हात घालायचा, हे मला पटत नाही, आणि कर्ज फेडायचंय म्हणून पटवून घ्यायचं तर आकडे साथ देत नाहीत.

सीट भरतात म्हणता, तर भरलेली सीट एवढंच सांगते की कोणीतरी पैसे दिले. कोण ते सांगत नाही. बापलेक दोघं यायचे तिथे आता एकटा बाप येतो, मुलगा पबमध्ये बघतो, त्याच्या जागी कोणीतरी वर्षातून एकदा फोटो काढायला येतं. आकडा तोच, 62 हजार, पण आवाज तो नाही राहत. आणि आवाज हीच तर त्या स्टेडियमची जाहिरात होती हो! दक्षिणेकडचा एकसंध साडेसतरा हजार सीटचा स्टँड बांधला तो जर्मनीत डॉर्टमुंडला जसा मोठा स्टँड आहे तसं वातावरण हवं म्हणून. पण डॉर्टमुंडला त्या स्टँडवर साधारण 25 हजार माणसं उभी राहून बघतात आणि तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवलेलं असतं, कारण तिथल्या नियमानुसार क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडेच राहतात आणि सभासद स्वतःच्या खिशाविरुद्ध मत देत नाहीत. रचना उचलली, दर उचलले नाहीत.

आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते. पण मला एक कळत नाही, तिकडं तिकीट परवडत नाही तर ती माणसं दुसऱ्या टीमकडं का जात नाहीत? लंडनात काय एकच क्लब हाय व्हय?

भावा, तूच सांग, उद्या पाटाकडीलच्या मॅचचं तिकीट दुप्पट केलं तर तुझ्या पेठेतलं कोण खंडोबा तालमीकडून ओरडायला जाईल का? घरी घेतील का त्याला? तुला उत्तर माहितीये. टॉटनहॅमचा माणूस चार मैलांवरच्या आर्सेनलला जाणार नाही, मेला तरी नाही. आजोबा मैदानाकडे जाणाऱ्या त्या हाय रोडवरून चालत गेले, बाप गेला, तोही जातो.

आणि माझा सगळा मुद्दा यातच आहे. दुकानदाराने भाव वाढवला की गिऱ्हाईक शेजारी जातं, त्या भीतीने भाव आटोक्यात राहतो. इथे शेजारी जाणं नाहीच. माणूस एक तर देतो किंवा घरी बसतो, आणि घरी बसला की वेटिंग लिस्टमुळे त्याची सीट कायमची गेली, पुढच्या वर्षी पगार वाढला तरी परत मिळत नाही. म्हणून लोक सुट्टीतली ट्रिप कॅन्सल करतात, हप्त्यांवर घेतात, पण सोडत नाहीत. क्लबला हे पक्कं माहीत असतं. ज्याला जाता येत नाही त्याच्याकडून जास्त घेणं याला नुसतं मागणी-पुरवठा म्हणून सोडून देता येत नाही, मला तरी नाही.

आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. शेजारचे आजोबा सत्तरीचे, पक्के स्पर्सवाले. म्हातारपणीची सवलत बंद होणार म्हणून गेली दोन वर्षं बेचैन आहेत. नक्की काय झालंय? आणि ते म्हणतात पूर्वी उभं राहून अगदी थोड्या पैशात मॅच बघता यायची, हे खरं का?

खरंय. सवलतीचं असं, की मार्च 2024 च्या त्याच घोषणेत क्लबने सांगितलं की 2025-26 पासून ज्येष्ठांना नवीन सवलत देणार नाही आणि ज्यांना आहे त्यांची टप्प्याटप्प्याने कमी करणार. कारण काय दिलं तर ज्येष्ठांची संख्या वाढत चाललीय. अहो, पन्नास वर्षं निष्ठेने आलेली माणसं म्हातारी होणारच ना! फॅननी ‘सेव्ह अवर सीनियर्स’ नावाने मोहीम काढली, मैदानात बॅनर लागले, तरुण पोरंही त्यात उतरली ही मला सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. 2025-26 साठी मूळ दर तरी गोठवले. आजोबांना सांगा, क्लबच्या सपोर्टर्स ट्रस्टचे, म्हणजे फॅनच्या संघटनेचे, सभासद नसतील तर व्हा, एकेकट्याच्या पत्रापेक्षा तिथून गेलेल्या म्हणण्याला वजन असतं.

उभं राहून बघायचं म्हणाल तर 1989 ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरी झाली, 97 लिव्हरपूल फॅन गेले, आणि नंतर त्याची चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड टेलर यांच्या अहवालावरून वरच्या दोन डिव्हिजनची मैदानं सगळी सीटवाली झाली. ते गरजेचंच होतं. पण त्याच अहवालात टेलर यांनी लिहिलंय की सीट आल्या म्हणून दर लोकांच्या आवाक्याबाहेर जायचं कारण नाही, आणि उदाहरण दिलंय ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमचं, सीटला 6 पौंड, उभ्याला 4. अहवालातला सुरक्षेचा भाग सगळ्यांनी पाळला, दराचा भाग कोणी पाळला नाही. 2022 पासून रेलिंगवाल्या सीटपाशी उभं राहायला पुन्हा परवानगी मिळाली, सुरुवातीच्या पाच क्लबमध्ये स्पर्स होते. दर मात्र सीटचाच.

नवीन स्टेडियम म्हणजे महाग तिकीट हे ठरलेलंच असतं का? एखादा क्लब उलटा गेलाय का कधी? (ठाणे)

गेलाय की, वेस्ट हॅम. 2016 ला ते ऑलिम्पिकच्या स्टेडियमवर गेले तेव्हा मोठ्यांचं सगळ्यात स्वस्त सीझन तिकीट 289 पौंड आणि सोळाच्या आतल्या मुलांना 99. लंडनमध्ये! त्यांना ते जमलं कारण स्टेडियम जनतेच्या पैशाने बांधलेलं, क्लब 99 वर्षांच्या करारावर भाडेकरू, भाडं वर्षाला साधारण 25 लाख पौंड, आणि त्याच वर्षी टीव्हीचे नवे पैसे आले. अर्थात मैदान सीटपासून लांब, धावण्याच्या ट्रॅकमुळे गोलपोस्टमागून काही धड दिसत नाही, म्हणून आपल्या जुन्या अप्टन पार्क मैदानासाठी लोक अजून हळहळतात. 2024 ला सवलती कापण्यावरून तिथेही भांडण झालंच.

आंदोलन करून काही फरक पडतो का हो? इथे कितीही ओरडा कोणी ऐकत नाही. (नाशिक, कॉलेजला आहे)

पडतो. 2016 ची लिव्हरपूलची गोष्ट वाच, मला ती फार प्रेरणा देणारी वाटते. त्यांच्या अॅनफिल्ड मैदानावर नवा मेन स्टँड होत होता, त्यातली एका मॅचची सगळ्यात महाग सीट 77 पौंड आणि सीझन तिकीट 1,029 पौंड ठरलं. 6 फेब्रुवारीला सुंदरलंडशी मॅच होती, लिव्हरपूल 2-0 ने पुढे, मॅनेजर क्लॉप अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे नव्हतेच, आणि 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून बाहेर निघाली. जिंकत असलेली मॅच सोडून! पुढच्या काही मिनिटांत सुंदरलंडने दोन गोल मारले, 2-2. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, 77 चा बेत रद्द, महागातलं तिकीट होतं तेवढंच 59 ला आणि सीझन तिकीट 869 ला राहिलं. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगने बाहेरगावी जाणाऱ्या फॅनसाठी 30 पौंडांची मर्यादा ठरवली, ती मागणी फॅन संघटना कितीतरी आधीपासून करत होत्या.

हे जमलं कारण एक मिनिट ठरलेलं होतं, एक मागणी होती आणि सगळे गट एकत्र होते. नुसतं इंटरनेटवर चिडून ते झालं नसतं. आणि एकदा जिंकलं की संपलं असं नसतं, एप्रिल 2024 मध्ये परत 2 टक्के वाढ आली तेव्हा अटलांटाविरुद्धच्या मॅचला अॅनफिल्डच्या कॉप स्टँडवर एकही झेंडा लावला नाही त्यांनी.

मुलगी लंडनला शिकतेय, ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं जातोय. ह्यांना आयुष्यात एकदा तिथे मॅच बघायचीय. परवडेल असं काही सांगाल का? (सांगली)

नक्की जा. आधी क्लबच्या अधिकृत साइटवर मेंबरशिप घ्या, तिकिटं आधी मेंबरना मिळतात, आणि सीझन तिकिटवाले न येणाऱ्या मॅचची सीट तिथेच परत विकायला टाकतात. मोठ्या क्लबविरुद्धची मॅच टाळा, दर मॅच बघून बदलतात. रस्त्यावर किंवा अनोळखी साइटवर घेऊ नका, इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, विकणारा पळतो आणि गेटवर अडकता तुम्ही. महिलांच्या लीगच्या मॅचही बघा, आर्सेनलच्या मुली क्लबच्या एमिरेट्स स्टेडियमवर खेळतात आणि तिकीट पुरुषांच्या मॅचच्या मानाने खूप स्वस्त असतं. आणि एक शनिवार मोकळा असेल तर ईस्ट डलिचला चॅम्पियन हिलवर डलिच हॅम्लेटची मॅच असेल का बघा. खालच्या डिव्हिजनचा क्लब आहे, गोलमागे उभं राहून बघता येतं, काकांना खेळाडूंचं एकमेकांना हाका मारणं ऐकू येईल. ऑक्टोबरला संध्याकाळी गारठा असतो, स्वेटर घेऊन जा.