बाळाच्या किडनीला सूज आहे की तिची ठेवणच तशी आहे?

चार महिन्यांच्या मुलाचा सोनोग्राफीचा अहवाल घेऊन आलेल्या आईवडिलांचा पहिलाच प्रश्न होता, "किडनीला सूज आहे म्हणतात, ऑपरेशन करावे लागेल का?" डाव्या मूत्रपिंडाचे पेल्व्हिस, म्हणजे लघवी जमण्याची जागा, 'एक्स्ट्रारीनल' (मूत्रपिंडाच्या बाहेर) असून त्याची रुंदी 8 मिलिमीटर आहे, असे अहवालात नमूद होते आणि त्या आकड्याखाली वडिलांनी पेनाने दोनदा रेघ ओढली होती. लघवी गोळा करणारे कॅलिसेस फुगलेले नाहीत आणि मूत्रपिंडाच्या ऊतीची जाडी योग्य आहे, हे सांगणाऱ्या पुढच्याच ओळीकडे मात्र कोणाचेही लक्ष गेले नव्हते.

समुपदेशक म्हणून मी कागदावर मूत्रपिंडाची आकृती काढली. तयार झालेली लघवी आधी कॅलिसेस नावाच्या लहान पेल्यांत उतरते, तेथून पेल्व्हिसमध्ये जमते आणि मूत्रवाहिनीतून मूत्राशयात जाते. काही मुलांमध्ये हे पेल्व्हिस मूत्रपिंडाच्या आत न राहता बाहेरच्या बाजूस असते. सभोवती मूत्रपिंडाच्या ऊतीचा आधार नसल्याने ते सहज पसरते आणि सोनोग्राफीत मोठे दिसते, पण प्रवाहाला अडथळा नसतो. खऱ्या अडथळ्यात लघवी तुंबून तिचा दाब मागे वळतो, कॅलिसेस फुगू लागतात आणि तो दाब टिकला तर मूत्रपिंडाची ऊती पातळ होते. त्यामुळे केवळ मिलिमीटर मोजून घाबरण्यात अर्थ नाही. मूत्रमार्गाच्या फुगवट्यासाठी 2014 मध्ये सर्वसंमतीने ठरलेल्या वर्गीकरणातही जन्मानंतर पेल्व्हिसची रुंदी 10 मिलिमीटरपेक्षा कमी असून कॅलिसेस, ऊती, मूत्रवाहिनी आणि मूत्राशय व्यवस्थित असतील, तर ते सामान्यच मानले जाते.

"पण जन्माच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी नॉर्मल होती," आई म्हणाली. तिची शंका रास्त होती. पहिल्या 48 तासांत बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे असलेला फुगवटाही त्या वेळी दडून राहू शकतो. उलट मूत्राशय गच्च भरलेले असताना पेल्व्हिस प्रत्यक्षाहून रुंद भासते. बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी याच कारणासाठी बाळाने लघवी केल्यानंतर पुन्हा मोजमाप करवले, तेव्हा ते 5 मिलिमीटर भरले.

निदान करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, म्हणून तज्ज्ञांनी जे ठरवले होते तेच मी त्यांना सावकाश समजावून सांगितले. मूत्राशयात नळी घालून करायची एमसीयू तपासणी किंवा मूत्रपिंडाचे काम पाहणारा रीनल स्कॅन सध्या नको, काही महिन्यांनी एकदा सोनोग्राफी पुन्हा करायची. वडिलांना मात्र सगळ्या तपासण्या आत्ताच उरकून टाकायच्या होत्या. एमसीयूमुळे बाळाला त्रास होतो आणि क्वचित जंतुसंसर्गही होऊ शकतो, हे कळल्यावर ते थांबायला तयार झाले.

थांबायचे म्हणजे दुर्लक्ष करायचे असे नव्हे, हे मात्र दोघांनाही बजावले. सर्दी-खोकल्यासारखे उघड कारण नसताना ताप आला, तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढतात का ते पाहण्याची चाचणी) करून घ्यायचे. लघवीची धार बारीक पडली किंवा थेंब थेंब लघवी होऊ लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही, कारण मुलग्यांमध्ये मूत्राशयातून लघवी बाहेर नेणाऱ्या मूत्रनलिकेतील जन्मजात पडद्यामुळेही अडथळा येतो. आणि पुढच्या सोनोग्राफीच्या वेळी हा जुना अहवाल सोबत न्यायचा, म्हणजे दोन्ही मोजमापे शेजारी ठेवून पाहता येतील.