अमेरिकेत बायबलमधील नावे का आवडतात, आणि मेरीसारखी नावे मागे का पडली?

तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासन या सरकारी खात्याच्या, बाळांच्या नावांच्या नोंदी 1880 पासूनच्या आहेत. त्यांनुसार मुलींमध्ये मेरी हे नाव 1946 पर्यंत सलग पहिले होते. आज ते पहिल्या शंभरातही नाही. मुलांमध्ये 1999 ते 2012 जेकब आणि 2013 ते 2016 नोआ पहिला राहिला. म्हणजे ओसरली ती बायबलची ओढ नव्हे. बदलली ती निवड. ज्या नावाच्या चार-चार मुली एका वर्गात असत, ते आईबापांना नकोसे झाले आणि एज्रा, एलायजा अशी जुन्या करारातली (बायबलच्या पहिल्या भागातली), स्वरांनी मऊ झालेली नावे पुढे आली. ही नावे धर्मनिष्ठ घरांप्रमाणे चर्चला न जाणाऱ्या घरांतही ठेवली जातात, कारण ती जुनी असूनही शिळी वाटत नाहीत.

माझ्या मते खरा गोडवा नावामागच्या कथेत आहे. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून बायबलमधली सारा हसली, आणि मुलाचे नाव पडले इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’; एवढी घरगुती आठवण एका नावात मावते.

अशी नावे आपल्याकडेही रुजली, पण मराठी वळण घेऊन: मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, 1796 मध्ये बांधणारे बेने इस्राएली (मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले) सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात.