आधी शंखाचं बाळंतपण बघ

अगं, तुझं संशोधनाचं प्रपोजल दोनदा वाचलं. प्रदूषण आणि माणसाचं आरोग्य, विषय झकास, पण पंधरा पानांत प्राणी कुठेच नाही गं, नुसती केमिकलची यादी! म्हणून तुला डॉग व्हेल्कचं सांगते.

इंग्लंडात प्लिमथच्या किनाऱ्यावर 1970 च्या सुमारास या छोट्या शंखांच्या माद्यांना चक्क नराचं लिंग फुटलेलं दिसलं. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं, बोटींच्या बुडाला काही चिकटू नये म्हणून लावायचे त्या रंगातलं ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी. लिटरभर पाण्यात एखाद्या नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या आसपास असलं तरी पुरे. जास्त झालं की अंडी बाहेर यायची वाटच बुजते, अंड्यांच्या कुप्या आतच अडकतात आणि मादी मरते.

पण मग हा शंख कितीतरी ठिकाणी पार नाहीसाच का झाला? तर याची पिल्लं पाण्यात तरंगत लांब जात नाहीत, आईने खडकाला चिकटवलेल्या कुपीतून थेट रांगत बाहेर येतात, त्यामुळे एका खाडीतले संपले की शेजारून नवीन यायला वर्षानुवर्षं लागतात. हे तुला पाण्याच्या सॅम्पलमध्ये दिसणार आहे का? आणि केंटमध्ये डम्प्टन गॅपला काही टिकले, कारण तिथे एक आनुवंशिक दोष होता, काही नरांचं लिंग जन्मतःच खुजं नाहीतर नाहीच, आणि तोच दोष असलेल्या माद्यांची वाट बुजली नाही, त्या टीबीटीतून बचावल्या. ज्याला एरवी आपण व्यंग म्हटलं असतं त्यानेच वंश तारला, मी वाचलं तेव्हा रात्रभर तेच डोक्यात!

आता माणूस. टीबीटी शंखात ज्या आरएक्सआर रिसेप्टरला (पेशीतलं रासायनिक संदेश पकडणारं प्रथिन) जाऊन चिकटतं तो आपल्यातही आहे, आणि 2006 मध्ये कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ ब्रूस ब्लूमबर्ग यांच्या लॅबने गाभण उंदरिणींना टीबीटी दिलं तर पिल्लांत चरबी वाढलेली निघाली. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तू "लठ्ठपणाचं कारण" असं ठोकून दिलंयस ते आधी खोड.

बोटींच्या टीबीटीवाल्या रंगावर 2008 पासून जगभर बंदी आहे, तरी बंदरांच्या गाळात टीबीटी बसून राहतं. आपल्याकडे 1999 मध्ये एनआयओच्या (गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) लोकांनी क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात माद्यांना लिंग फुटल्याचं हेच नोंदवलं, नावातच कोकण बघ.

तर येत्या अमावस्येला, ओहोटी मोठी असेल तेव्हा, बूट घालून खडकांवर जा (चपला नकोत, कालवांनी पाय फाटतो). कुप्या दिसल्या तर उपटू नकोस, फोटो काढ, पंधरा दिवसांनी परत त्याच खडकाशी जा. टायटलचं मग बोलू.