जमीन नसलेल्या पणजोबांचा शोध

प्रश्न : माझे पणजोबा शेतमजूर होते, नावावर जमीन नव्हती, फोटोपण नाही. साताऱ्याकडचं गाव तेवढं माहितीये. काही सापडेल का?

उत्तर : नक्की शोधा, जमीन नाही म्हणजे माणूस कागदावर नाही असं अजिबात नसतं. पहिलं म्हणजे तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून गाव नमुना 14 मागा, यालाच कोतवाल बुक म्हणतात, यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, कुणबी दाखल्यांसाठी लोक हेच शोधतात त्यामुळे कर्मचाऱ्यांना नाव सांगितलं की कळतं. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत पाहिजेच, आणि आडनावावर अडून बसू नका, नुसतं नाव आणि बापाचं नाव असंही लिहिलेलं असतं. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींची वही, बघा. आणि नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे तिथे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या, मला तर या सगळ्यात मोलाच्या वाटतात, कारण घरातलं कुणी अस्थी घेऊन गेलं असेल तर दोन-तीन पिढ्यांची नावं एकाच पानावर मिळू शकतात. जाताना मूळ गाव, आडनाव नीट सांगा, वह्या त्यावरूनच उघडतात. पण आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला फोन करा, आजच.