हाड जोडायचं यंत्र घ्यावं, की गड्याची मजुरी द्यावी?

देवगडजवळच्या एका ताईंनी विचारलंय: "आमचे हे एप्रिलमध्ये आंबे काढताना कलमावरून पडले. नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. आठ आठवडे झाले, पण एक्स-रेत हाड अजून पुरतं धरलेलं दिसत नाही. घरी वापरायचं अल्ट्रासाऊंडचं यंत्र एकाने सुचवलं. किंमत ५२,०००, रोज २० मिनिटं लावायचं, हाड ३८ टक्के लवकर जुळतं म्हणे. मोहोराच्या फवारणीसाठी ठेवलेली एक लाखाची एफडी मोडू का?"

ताई, मोडू नका.

मी हिशेबातला माणूस, म्हणून आधी विक्रेत्याचंच खरं धरतो. ३८ टक्के हा आकडा त्याने मनाने काढलेला नाही. १९९४ साली छापून आलेल्या एका चाचणीत नडगी जुळायला १५४ दिवसांऐवजी ९६ दिवस लागले होते. म्हणजे ५८ दिवस वाचले. यजमानांच्या जागी बागेत रोज ६०० रुपयांनी गडी लावला, तर ५८ दिवसांचे होतात ३४,८००. यंत्र मात्र ५२,०००चं. दिलेला शब्द पुरेपूर पाळला तरी १७,२०० अंगावर, आणि त्यातले आठ आठवडे तर उलटूनही गेले. आता वाचणार किती?

बरं, शब्द तरी पाळतं का? त्या जुन्या चाचणीतले लोक प्लास्टरवर होते, रॉडवर नव्हेत. २०१६ साली ५०१ जणांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांची नडगीच मोडलेली, सगळ्यांना यजमानांसारखाच रॉड. निम्म्यांना चालू यंत्र दिलं, निम्म्यांना दिसायला तसंच पण आतून बंद. कुणाचं कुठलं ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. शेवटी एक्स-रेत फरक नाही, कामावर परतण्यातही नाही. या चाचणीत यंत्र बनवणाऱ्यांचाही पैसा होता बरं का. पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या गटाने मोडलेल्या हाडासाठी हा उपचार वापरू नका, असं स्पष्टच सांगितलं.

फिजिओथेरपीत स्नायूंना देतात तो अल्ट्रासाऊंडचा शेक वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

मला काळजी वाटते ती एफडीची. मुदतीआधी मोडली की व्याज थोडं कापलं जाईल, तेवढं सोसवेल. पण नोव्हेंबरात मोहोर फुटला आणि औषधाला हातात पैसा नसला, तर तुम्ही वाशीच्या दलालाची उचल घेणार. उचल घेतली की पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते, भावही तो म्हणेल तो. यंत्राची खरी किंमत तिथे वसूल होते, पावतीवर ती दिसत नाही.

तेव्हा बचत खात्यातून १८,००० बाजूला काढा. ३० दिवसांच्या गड्याची सोय होते. खत घालणं, गवत काढणं, जुलै-ऑगस्टात मोहोरासाठी झाडांना कल्टार हे औषध देणं, एवढ्यापुरताच गडी बोलवा, रोज नको. एक्स-रेला जायचं रिक्षाभाडं वेगळं धरा. आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय, "ह्यांनी बिडी कमी केलीय." कमी नाही, बंद. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो, हे डॉक्टर मंडळी ठामपणे सांगतात. खळ्यात पाय खुर्चीवर ठेवून दिवसभर बसलेल्या माणसाला बिडी सोडणं किती जड जातं, ते मी माझ्या वडिलांचं पाहिलंय. पण या उपायाला पैसा लागत नाही, उलट वाचतो.

पुढच्या एक्स-रेला डॉक्टरांना एकच विचारा: हाडाच्या चार बाजूंपैकी किती बाजूंना नवीन हाडाचा पूल दिसतोय? तीन बाजूंना दिसला तर बहुधा निभावलं. नऊ महिने होऊनही हाड जुळलं नाही आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर मामला वेगळा. तेव्हा रॉड बदलणं किंवा हाडाचं कलम लावणं, म्हणजे दुसरं हाड आणून तिथे बसवणं, असा विषय निघेल. भरती होण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, आणि ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का ते विचारून घ्या. बसली नाही, तर मोडायला एफडी आहेच.